मला बहीण नाही, असं मी म्हणाले

खरं सांगायचं तर पाप हा शब्द मला कधी माझा वाटलाच नाही. जन्म ख्रिस्ती घरातला, आजोबांपासून सगळे देवळाच्या अंगणात वाढलेले, त्यामुळे पापांगीकार, म्हणजे पाप कबूल करायची प्रार्थना, मला पाढ्यांसारखा तोंडपाठ. दर रविवारी इतरांबरोबर मान खाली घालून म्हणायचे, आणि म्हणता म्हणता मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार चाललेला असायचा. पाळकसाहेब पापाबद्दल बोलायला लागले की मी डोळे मिटून घ्यायचे. लोकांना वाटायचं, बाई किती मन लावून ऐकतात! मी आपली कोणाकोणाला हे लागू पडतं त्याची मनातल्या मनात हजेरी घेत असायचे. नवऱ्याची लपूनछपून ओढलेली सिगरेट, शेजारणीची चुगलखोरी, भावजयीचा चिक्कूपणा. माझं नाव त्या हजेरीत कधी आलं नाही. मी काय वाईट केलं होतं कुणाचं? चोरी नाही, चहाडी नाही, उपासना चुकवणं नाही. उलट आपल्यासारख्या माणसांमुळेच चर्चची मंडळी टिकून आहे, अशी माझी खात्री होती.

आम्ही कॅनडात हॅलिफॅक्सला येऊन बरीच वर्षं झाली. हे इथल्या गोदीत वेल्डर आहेत आणि मी एका केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. मुलगा नितीन ब्रॉसार्डला असतो, मॉन्ट्रियलच्या नदीपलीकडे. इथं आमची मराठी मंडळी अगदी लहान, सात-आठ घरं आणि थोडे विद्यार्थी. खाडीपलीकडे डार्टमथच्या बाजूला एका गोऱ्या मंडळीनं त्यांच्या चर्चचं बेसमेंट आम्हाला रविवारी सकाळी वापरायला दिलंय. मुलीकडे राहायला आलेले एक निवृत्त पाळकसाहेब उपासना घेतात. एकमेकांना आम्ही अजून नगरसारखा सलाम करतो, पेटीवर मराठी गाणी म्हणतो, नंतर चहाबरोबर कुणीतरी केलेला चिवडा खातो. बाहेर बर्फ असो की धुकं, त्या बेसमेंटमध्ये शिरलं की माहेरी आल्यासारखं वाटतं. माहेर म्हटलं की मात्र गेली दोन वर्षं मी विषय बदलायचे, आणि ते का, हेच मला सांगायचं आहे.

माझी धाकटी बहीण मनोरमा. आम्ही तिला मनू म्हणतो. नगरला शाळेत शिकवते, लग्न केलं नाही, आणि आई शेवटपर्यंत तिच्याजवळच होती. दोन वर्षांपूर्वी नितीनचं लग्न तोंडावर आलं होतं. माझी नुसती धावपळ चाललेली: हॉल, केक, सुनेच्या घरच्यांचं विमान, साड्यांचे फॉल. तरी दिवसाआड नगरला फोन करायचेच. त्या सुमारास मी कधीही फोन केला की मनू म्हणायची, "ताई, आई झोपलीय गं." कधी म्हणायची, "आत्ताच डोळा लागलाय, उठवू का?" मी म्हणायचे, नको, झोपू दे. मला बिचारीला काय ठाऊक, आई तेव्हा दवाखान्यात होती. न्यूमोनिया झाला होता, आणि मनू दवाखान्याच्या बाहेर जिन्यात उभी राहून माझ्याशी हसून बोलत होती. लग्नाला आठवडा राहिला असताना तिचा फोन आला तो आई गेल्याचाच.

मी आईच्या मातीला पोचू शकले नाही. इतक्या लांबून पोचणार तरी कशी? केअर होमच्या स्टाफरूममध्ये, कुणाच्या तरी अर्ध्या खाल्लेल्या सॅन्डविचसमोर बसून, वीतभर लांबीच्या त्या फोनवर मी आईला मातीत उतरताना पाहिलं. चित्र मधूनच थांबायचं, मधूनच पुढे पळायचं. नंतर मी मनूला फोन केला आणि तोंडाचा पट्टा सोडला. काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. तू माझी आई माझ्यापासून चोरलीस, म्हणाले. मला शेवटचं बोलायचं होतं, तेवढंही तू मला मिळू दिलं नाहीस, म्हणाले. ती एवढंच म्हणत होती, "चुकलं ताई, माझं चुकलं." तिच्या त्या पडत्या सुरानं मला आणखीच चेव चढला. "आजपासून मला बहीण नाही," म्हणाले, आणि तिचा नंबर ब्लॉक करून टाकला. त्यानंतर नातलगांकरवी तिचे निरोप यायचे, नाताळला सलाम यायचा. मी कुणाला उत्तर देऊ दिलं नाही.

आता आमच्या मंडळीची एक रीत सांगते. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं, प्रभूच्या आठवणीसाठी भाकर वाटून घ्यायची. भाकर मोडण्याआधी पाळकसाहेब थांबतात आणि म्हणतात, कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर आधी उठा, सलाम करा, मगच या मेजाशी या. नगरकडचीच ही जुनी पद्धत, त्यांनी इथंही चालू ठेवली. आणि लोक उठतात हो! राइड देण्यावरून भांडलेली दोन पोरं मी डोळ्यांदेखत गळ्यात पडताना पाहिली आहेत. मी मात्र दोन वर्षं निवांत बसून राहिले. माझा हिशेब सरळ होता. पाळकसाहेब या खोलीतल्यांविषयी बोलतात. या खोलीत माझं कुणाशीही वाकडं नाही. मनू तर पार नगरला बसलीय, सातासमुद्रापलीकडे, तिला कुठून सलाम करू? असं म्हणून दर महिन्याला हात पुढे करायचे, भाकर घ्यायचे आणि डोळे मिटून खायचे. देव मला हसत असेल की रडत असेल, कोण जाणे.

या हिवाळ्यात अंघोळ करताना छातीत डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. माझी जन्माची सवय इतरांना धीर द्यायची, पण त्या बाथरूममध्ये मला स्वतःला धीर देता येईना. मग वॉक-इन क्लिनिक, मॅमोग्राम, बायॉप्सी, सगळं पाठोपाठ झालं. ह्यांना सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही. नितीनच्या बायकोचे दिवस भरत आले होते, पहिलटकरीण पोर, डॉक्टरांनी तिला आराम सांगितलेला. अशा वेळी त्यांच्या डोक्याला हा ताप कशाला? मी ह्यांना बजावलं, "बाळ होऊ दे, मग सांगू. तुमच्या तोंडून एक अक्षर निघता कामा नये." हे बिचारे खोटं बोलायला जन्मात शिकले नाहीत, सिगरेटसुद्धा धड लपवता येत नाही. पण मान डोलावली. मी स्वतः व्हिडिओ कॉलवर ठेवणीतला स्वेटर घालून, लिपस्टिक लावून बसायचे. नितीन म्हणायचा, "आई, यू लुक नाइस!" आणि मी फोन ठेवून बेसिनपाशी जाऊन रडायचे.

निकालाच्या दिवशी आम्ही दोघं हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरीणबाईंनी अगदी शांतपणे सांगितलं की कॅन्सर आहे, पण लवकर सापडलाय, ऑपरेशन करू, मग रेडिएशन. त्या बाहेर गेल्यावर नर्स आत आली. वयस्क, गोड बाई. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली, माझा हात हातात घेतला आणि घरच्यांची चौकशी करू लागली. आईला असं काही होतं का? नाही. मावशीला? नाही. मग तिनं विचारलं, तुला सख्खी बहीण आहे का? आणि माझ्या तोंडून गेलं, "नो." विचार करून नाही गेलं. नाव विचारल्यावर नाव सांगावं तितक्या सहज गेलं. ती म्हणाली, असती तर तिला कळवायला सांगणार होते, कारण अशा वेळी बहिणीनंही स्वतःची तपासणी करून घेतलेली बरी. मग ती दुसऱ्या विषयाकडे वळली. शेजारी बसलेल्या ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. पण चाळीस माणसांनी मिळून शिव्या दिल्या असत्या तरी मला तसं वाटलं नसतं, जसं त्या एका नजरेनं वाटलं.

बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसले. रागाच्या भरात माणूस काहीबाही बोलतो, ते सुटतं. पण आज मी रागात नव्हते. कुणाशी भांडत नव्हते. एका परक्या बाईनं मायेनं हात धरून विचारलं, आणि मी माझ्या पाठच्या बहिणीला जगातून पुसून टाकलं. तेही अशा वेळी, की मी हो म्हटलं असतं तर कदाचित तिचा जीव वाचायला मदत झाली असती. माझ्यात हे होतं? मी कुणाचं काही वाईट केलं नाही म्हणणारी ती हीच बाई? गाठीला मी घाबरले नव्हते इतकी त्या क्षणी स्वतःला घाबरले.

घरी येऊन मी अंधार करून पलंगावर पडले. थोड्या वेळानं बाहेर ह्यांचा फोन वाजला. नितीनचा आवाज ऐकू आला, "बाबा, आई कुठाय?" आणि ह्यांनी घसा खाकरून सांगितलं, "आई झोपलीय रे. आत्ताच डोळा लागलाय." मी उठून बसले. तेच शब्द! मनूचे. एकही इकडचा तिकडे नाही. ह्यांनी ते कधी ऐकले नव्हते, मी कधी त्यांना ते तसे सांगितलेही नव्हते. बिचाऱ्याला घाईत जे सुचलं ते बोलला माणूस. पण मला वाटलं, कुणीतरी खोलीत येऊन माझ्यासमोर आरसा धरलाय. हा चमत्कार होता की योगायोग, मला वाद घालायचा नाही. माझ्यापुरता तो प्रभूचा आवाज होता, आणि त्याला बोलण्यासाठी माझ्या साध्यासुध्या नवऱ्याचं तोंड चाललं.

तरी माझी मान ताठच, हो! लगेच विरघळले असं समजू नका. माझं वेगळं, तिचं वेगळं, असं मी मनाला दोन-तीन दिवस समजावत राहिले. मी तर सुनेच्या काळजीनं लपवतेय. मी काही मरायला टेकलेली नाही. मी नितीनला नंतर सांगणारच आहे. मग आतून कुणीतरी विचारायचं, मनूही नंतर सांगणारच असेल ना? आई बरी होईल असंच तिलाही वाटत असेल ना? आणि मी कूस बदलायचे. मनूला गाठीचं कळवायला हवं हे तर उघड होतं. त्यावरही मी तोड काढली, की चुलतभावाला सांगते, तो तिला सांगेल, म्हणजे माझं तिच्याशी बोलणं टळेल. केवढी ही अक्कल! तेव्हा मला कळायला लागलं, की पाप म्हणजे हातून घडलेली एखादी चूक एवढंच नव्हे. चूक झाली तर माणूस पुसू शकतो. हे आतलं काहीतरी होतं जे मी दोन वर्षं पोसलं होतं, त्याला न्यायाचं नाव दिलं होतं, आणि आता मला स्वतःला सोडायचं असूनही ते मला सोडत नव्हतं. मी गुडघे टेकले आणि म्हटलं, देवा, हे माझ्यानं होत नाही. तूच काय ते कर. जन्मात पहिल्यांदा मी पाठ नसलेली प्रार्थना केली असेन.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. ह्यांची गोदीत शिफ्ट होती, म्हणून मी एकटीच गेले. पाळकसाहेब नेहमीप्रमाणे थांबले, म्हणाले, कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर. भाकरीची थाळी फिरत फिरत माझ्यापाशी आली. शेजारच्या बाईंनी ती माझ्यासमोर धरली आणि माझा हात उठेना. मांडीवर दगडासारखा पडून राहिला. बाईंना वाटलं माझे डोळे मिटलेत म्हणून दिसली नाही. त्यांनी हळूच कोपरानं ढोसलं. मी मान हलवली. एवढ्याशा मंडळीत असं काही लपत नाही. पेटीवाल्याचा सूर चुकला, पोरांनी माना वळवल्या. दोन वर्षं बेधडक घेतलेली भाकर मी त्या दिवशी पुढे जाऊ दिली, आणि आश्चर्य म्हणजे, त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हे मेज खरंच कुणीतरी माझ्यासाठी मांडलंय. उपासना संपल्यावर मी चहाला थांबले नाही. दारात पाळकसाहेबांनी फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवला. विचारलं काहीच नाही. त्यांच्या त्या न विचारण्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

खाडी ओलांडून घरी यायला मी फेरीबोटीत बसले. बाहेर धुकं, समोरचं हॅलिफॅक्स दिसेना, नुसता भोंगा वाजत होता. मी फोन काढला, मनूचा नंबर अनब्लॉक केला आणि त्याच्याकडे बघत राहिले. बटण काही दाबवेना. काय बोलणार? सुरुवात कुठून करणार? तिनं उचललाच नाही तर? उचलून दोन शब्द सुनावले तर, आणि तिला तो हक्कही आहे. माझ्या शेजारी एक म्हातारी गोरी बाई बसली होती, लोकरीची टोपी, पायाशी ग्रोसरीची पिशवी. ती बराच वेळ माझ्याकडे बघत असावी. खिशातून पेपरमिंटची गोळी काढून तिनं माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "डियर, तू त्या माणसाला फोन करणार आहेस, की नुसतं बघत बसणार आहेस?" मला एकदम हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. मी म्हटलं, बहीण आहे माझी. माझ्या तोंडून ते निघालं! मला बहीण आहे, असं मी एका परक्या बाईला सांगितलं, आणि छातीवरची शिळा बाजूला झाल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, मग काय, बहिणी उचलतात. एवढंच. फेरी लागली, तिनं पिशवी उचलली आणि धुक्यात निघून गेली. तिचं नावही मी विचारलं नाही. प्रभूनं तिला पाठवलं होतं की ती आपली ग्रोसरी घेऊन घरी चालली होती, मला ठाऊक नाही. दोन्हीही असेल.

टर्मिनलच्या बाकावर बसून मी फोन लावला. नगरला जेवणं उरकायची वेळ होती. पहिल्या रिंगला मनूनं उचलला. "ताई?" एवढंच म्हणाली, आणि तिचा आवाज इतका घाबरलेला, की तिला वाटलं असावं, काहीतरी वाईट झालंय म्हणूनच मी फोन केलाय. मी रडत रडत सगळं सांगितलं. गाठीचं, ऑपरेशनचं, तिनं तपासून घ्यावं ते. नर्सला मी नाही म्हणाले तेही सांगितलं. ते सांगायला सगळ्यात अवघड गेलं, पण सांगितलं. आणि मग म्हटलं, "मनू, मी पण तेच केलं गं. नितीनला कळू दिलं नाही. मीच ह्यांना बजावलं होतं, एक अक्षर बोलायचं नाही म्हणून."

हे बोलले आणि मी थांबले. माझेच शब्द माझ्या कानात शिरले. मीच बजावलं होतं. आजारी माणसानं बजावलं होतं. हे बिचारे नुसते निरोप्यासारखे बोलले. असं कोण बजावतं? जो पलंगावर पडलेला असतो तो बजावतो. मी विचारलं, "मनू, तुला आईनंच सांगितलं होतं ना?"

पलीकडे तिनं पंखा बंद केला. मग मनू म्हणाली, "जाऊ दे ना ताई, आता कशाला ते." मी म्हटलं, नाही, सांग. तेव्हा कुठं ती बोलली. आईनं शपथ घातली होती. नातवाचं लग्न होऊ दे, ती बया सगळं सोडून धावत येईल, मी काय, दोन दिवसांत उठून बसेन, असं म्हणत होती. मनूनं दोनदा फोन हातात घेतला, तर आईनं तिचा हात धरून ठेवला. मी ओरडलेच, "अगं मग तेव्हाच का नाही बोललीस? मी तुला एवढं टाकून बोलले, दोन वर्षं तोंड बघितलं नाही, एका शब्दानं सांगायचंस ना!" तर माझी ती धाकटी बहीण, जिला मी लहानपणी वेणी घालून शाळेत सोडायचे, ती मला म्हणाली, "आई गेली होती, ताई. तिच्यावर धरलेला राग तू उतरवला असतास कुठं? मी होते ना."

समोर माणसं फेरीतून उतरत होती, चढत होती, माझ्याकडे बघून बाजूनं जात होती. मी आयुष्यभर वधस्तंभाची गाणी म्हटली. येशूनं दुसऱ्याचा दोष आपल्या अंगावर घेतला, तोंडातून शब्द काढला नाही, हे बालवाडीपासून ऐकत आले. डोळे ओले करून ऐकलं, पण ते खूप लांबचं, खूप जुनं होतं. आणि इथं माझ्या स्वतःच्या घरात, नगरच्या दोन खोल्यांत, एक बाई दोन वर्षं तेच करत होती. माझा राग आईपर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये उभी राहिली होती. चुकलं ताई, माझं चुकलं, असं म्हणत होती आणि तिचं काहीही चुकलं नव्हतं. तारण म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. माझी फेड मी करू शकत नाही, कुणीतरी ती आधीच करून ठेवलेली असते, आणि मला फक्त हात पुढे करून घ्यायचं असतं. मनूच्या अंगी हे कुठून आलं, हे मी तिला विचारलं नाही. ज्याच्याकडून आलं त्याचं नाव आम्हा दोघींना ठाऊक आहे.

त्याच संध्याकाळी मी नितीनला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. स्वेटर नाही, लिपस्टिक नाही. सूनबाई शेजारीच होती, ती धीराची निघाली, आधी तिनंच ऑपरेशनची तारीख विचारली. नितीनचा मात्र चेहरा पांढरा झाला आणि मग लाल. बापावर असा तुटून पडला की बस्स! "बाबा, तुम्ही मला खोटं सांगितलंत! आय कान्ट बिलीव्ह धिस. आई झोपलीय म्हणालात! तुम्ही असं करूच कसं शकता?" हे खाली मान घालून ऐकत उभे. एकदाही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. "चुकलं रे," एवढंच म्हणाले. मला समोर मनू उभी असल्यासारखं वाटलं. मी ह्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, "नितीन, त्यांना एक शब्द बोलायचा नाही. मी सांगितलं होतं त्यांना. चूक माझी आहे. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव." आईला हे म्हणायला वेळ मिळाला नव्हता. मला देवानं दिला.

ऑपरेशन झालं. मनूची तपासणी झाली, तिला काही निघालं नाही, माझा जीव भांड्यात पडला. ब्रॉसार्डला नात आली आहे, मोठ्या आवाजाची. माझं रेडिएशन सुरू आहे आणि पुढचं डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. पूर्वीची मी असते तर देवाशी घासाघीस केली असती, की मी इतक्या उपासना केल्या, आता तू एवढं कर. आता तसं बोलवत नाही. ज्यानं मला माझ्याच कठीण काळजातून ओढून काढलं त्याच्या हाती उरलेलं सगळं सोपवून मी झोपते, आणि झोप लागते. दिवसातून एकदा मनूचा फोन येतो, एकदा नितीनचा. नितीन अजून थोडा रागावलेला आहे. असू दे. मी आहे ना अजून, त्याचा राग घ्यायला.